हार्मोन्स सुरू करायचे आहेत आणि घरीही सांगायचंय: कुठून सुरुवात करायची?

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, पण आतून मुलगा. मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीसाठी पुण्यात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन घेतोय त्याला आता काही वर्षं झाली. या काळात ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्यांनी आणि कुणाकुणाच्या ओळखीनं फोन केलेल्यांनी मला तेच ते प्रश्न विचारले. आधी कुठल्या डॉक्टरकडे जायचं? आईवडिलांची सही लागते का? घरी आधी सांगू, की औषध सुरू करून मग? एकेकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी क्रमानं लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दवाखान्याचं काम आणि घरचं काम दोन्ही हाती घ्या, पण एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका. "आई हो म्हणाली की मग डॉक्टरकडे जाईन" असं ठरवलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं तिथेच थांबलेले मी पाहिलेत. उलट, डॉक्टरांशी बोलून, तपासण्या करून, काय होणार आणि काय नाही हे समजून घेऊन जे घरी बोलले, त्यांचं बोलणं निदान ऐकलं तरी गेलं. कारण पहिलं रडणं-ओरडणं ओसरल्यावर आईवडील जे विचारतात ते बहुतेक वैद्यकीय असतं: "याचा त्रास होतो का? आयुष्यभर घ्यायचं का? लिव्हर खराब होतं का?" याची उत्तरं तुमच्याजवळ तयार हवीत.

हा लेख 18 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. तुम्ही त्याहून लहान असाल तर उपचारांना पालकांची संमती लागते, आणि स्वतःच्या मनानं गोळी-इंजेक्शन घेणं तुमच्या वयात जास्त धोक्याचं आहे. तुमच्यासाठी पायरी 2 आणि पायरी 7 पासून पुढचं कामाचं आहे. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

1. एक फाईल करा

स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक खिशांची फाईल मिळते, ती घ्या. मोबाइलमधल्या फोटोंवर विसंबू नका. डॉक्टर बदलतात, फोन बिघडतो, आणि घरी दाखवायची वेळ येते तेव्हा कागद हातात घेऊन वाचता आलेला बरा. फाईलमध्ये एवढं हवं:

- आधार कार्ड आणि आणखी एक फोटो ओळखपत्र, दोन्हींच्या दोन-तीन झेरॉक्स.
- जुने रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शनं. थायरॉइड, पीसीओडी, दमा, फिट्स, कावीळ, जे झालं असेल ते.
- सध्या चालू असलेली औषधं. आयुर्वेदिक काढे आणि जिमची पावडरसुद्धा यात लिहा.
- घराण्यातल्या आजारांची यादी: रक्ताच्या गुठळ्या, लकवा, कमी वयात हार्ट अटॅक, बीपी, साखर, स्तनाचा कॅन्सर.
- मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, मिळालं की.
- स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान: मला हे केव्हापासून वाटतं, मला काय बदल हवेत, कशाची भीती वाटते.

घराण्यातल्या आजारांची यादी आईला विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही. "आजीच्या पायात गाठ झाली होती, ती नक्की कसली?" असा साधा प्रश्न विचारा. कारण सांगायची गरज नाही. मात्र हे नक्की विचारा, कारण इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन घेणाऱ्यांसाठी पायातल्या शिरेत झालेली गुठळी ही डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट आहे.

2. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र

आपल्याकडे बहुतेक एंडोक्रायनॉलॉजिस्ट हार्मोन्स लिहून देण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र मागतात. यावरून पुष्कळांना राग येतो: "मी वेडा आहे का?" नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही आजारांची यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत "जेंडर इनकाँग्रुअन्स", म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि आतली ओळख न जुळणं, मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं आहे. घरी बोलताना हा मुद्दा लागतो, लक्षात ठेवा.

भेटीत साधारणपणे विचारतात ते असं: लहानपणापासूनचा अनुभव, शाळेतले दिवस, झोप-भूक, नैराश्य, स्वतःला इजा करण्याचे विचार, नातं आहे का, सोबतीला कोण आहे, आणि हार्मोन्सनं काय होतं-काय होत नाही याची कल्पना आहे का. यूट्यूबवरून उत्तरं पाठ करून जाऊ नका. "मला चारचौघांसारखं लहानपणीच कळलं नव्हतं, कॉलेजात कळलं" हे उत्तरही चालतं. नैराश्य आहे असं सांगितलं तर पत्र मिळणार नाही ही भीतीसुद्धा बाजूला ठेवा. चांगला तज्ज्ञ त्यावर उपचार सुरू करतो आणि सोबत पत्राचंही पाहतो.

पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून तपासा. ओळखपत्रावरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, निदान, तुम्ही समजून-उमजून संमती देऊ शकता असं स्पष्ट वाक्य, तारीख, सही, शिक्का आणि तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक नसला तर परत हेलपाटा पडतो. सायकॉलॉजिस्टकडून घेणार असाल तर ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत ना, हे आधी विचारा. नुसत्या समुपदेशकाचं पत्र पुढे नाकारलं जातं.

इथला सर्वांत वाईट सापळा म्हणजे "आपण हे बरं करू" म्हणणारा डॉक्टर. कधी तो घरच्यांनीच शोधलेला असतो. औषधानं, शॉकनं किंवा उपदेशानं लिंगभाव बदलण्याचा प्रयत्न करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असा डॉक्टर भेटला तर वाद घालू नका. उठा, बाहेर या, त्यानं लिहून दिलेला कागद जपून ठेवा. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

योग्य तज्ज्ञ सापडत नसेल तर संस्थांना विचारा. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदू क्विअर राइट्स फाउंडेशन, नागपुरात सारथी ट्रस्ट. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा फोनवर बोलते, त्यामुळे गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात बसूनही तिचा उपयोग होतो.

3. एंडोक्रायनॉलॉजिस्ट शोधणं

हार्मोन्सचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. बहुतेकांच्या पाटीवर "मधुमेह व थायरॉइड तज्ज्ञ" असं लिहिलेलं असतं, म्हणून लोक समोरून जातात आणि त्यांना कळत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात आणि गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहेत. सरकारी रुग्णालयात खर्च फारच कमी, पण पहाटे निघून केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि डॉक्टर दर वेळी बदलू शकतात. खासगीत दर वेळी तेच डॉक्टर भेटतात, पण फी आणि तपासण्यांचा खर्च खिशातून.

खासगी दवाखान्यात जाण्याआधी फोन करून रिसेप्शनला एवढंच विचारा: "डॉक्टर ट्रान्सजेंडर पेशंटना हार्मोन थेरपी देतात का?" समोरून गोंधळलेला आवाज आला तर दुसरीकडे फोन करा. दिवसाची रजा आणि एसटीचं भाडं वाचतं.

केसपेपर काढताना नाव आधारवरचंच घालावं लागतं, आणि भरल्या ओपीडीत ते मोठ्यानं पुकारलं गेलं की जीव कानकोंडा होतो. खिडकीवरच्या माणसाला सांगा, "आडनावानं पुकारा". मी आजही हेच सांगतो आणि बहुतेक वेळा ऐकतात. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर मात्र स्वतःचं नाव सांगा आणि केसपेपरवर कोपऱ्यात लिहायची विनंती करा.

आणि सहीचा प्रश्न. काही डॉक्टर सज्ञान पेशंटलाही "आईवडिलांना घेऊन या, त्यांची सही लागेल" म्हणतात. 18 वर्षांवरच्या व्यक्तीच्या उपचारांना कायद्यानं पालकांची संमती लागत नाही. बहुतेकदा हा डॉक्टरांचा स्वतःचा बचाव असतो, उद्या पालक भांडायला येतील म्हणून. शांतपणे सांगा: "मी सज्ञान आहे, संमतीपत्रावर मी सही करतो, साक्षीदार म्हणून मित्राला आणतो." तरी नाहीच म्हणाले तर डॉक्टर बदला.

4. सुरू करण्याआधीच्या तपासण्या

वजन, बीपी, सीबीसी, साखर, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि बहुधा प्रोलॅक्टिन हे आणखी एक हार्मोन. गर्भाशय असलेल्यांची गर्भधारणेची तपासणी. तपासण्यांना कंटाळू नका. पुढे काही बिनसलं तर हाच रिपोर्ट तुलनेला लागतो.

याच टप्प्यावर मुलांचा विचार करून घ्या. विशीत हा प्रश्न लांबचा वाटतो, मला माहीत आहे. पण हार्मोन्समुळे प्रजननक्षमता कमी होते आणि औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होईलच अशी खात्री देता येत नाही. वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय वंध्यत्व उपचार केंद्रांत असते. वीर्याचं काम सोपं आणि तुलनेनं स्वस्त, स्त्रीबीजाचं खर्चिक आणि त्यासाठी वेगळी इंजेक्शनं घ्यावी लागतात. नको असेल तर नको, पण डॉक्टरांशी बोलून, विचार करून नको म्हणा. घरी "नातवंडांचं काय?" हा प्रश्न येतोच.

5. औषधं: काय बदलतं आणि किती दिवसांनी

डोस मी मुद्दाम लिहीत नाही. तो तुमच्या रिपोर्टवर ठरतो आणि माझा डोस तुमच्या कामाचा नाही.

ट्रान्स पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉन. आपल्याकडे जास्त चालतं ते दोन-तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं तेलकट इंजेक्शन, कमरेखाली स्नायूत. ते काही शे रुपयांत मिळतं. टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएट हे दहा-बारा आठवडे टिकणारं इंजेक्शन काही हजारांत जातं. जेलही मिळतं. सस्टॅनॉन या इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तेल दाट असतं, घाईनं टोचलं की दोन दिवस बसवत नाही. मी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) थोडा वेळ मुठीत धरून कोमट करतो आणि सिस्टरना "सावकाश द्या" म्हणतो. अनडिकॅनोएट तर दोन मिनिटं लावून हळूहळूच द्यायचं असतं, आणि त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं.

त्वचा तेलकट होणं, मुरुमं, पाळी थांबणं हे पहिल्या सहा महिन्यांत. आवाज साधारण वर्षभरात बसतो. दाढी मात्र सावकाश येते, नीट भरायला चार-पाच वर्षंही लागतात. आवाज एकदा खाली गेला की औषध थांबवलं तरी परत चढत नाही. टक्कल घराण्यात असेल तर तेही येऊ शकतं. छाती हार्मोन्सनं जात नाही, त्यासाठी शस्त्रक्रियाच. एक गोष्ट ठळक: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक आहे.

ट्रान्स स्त्रियांसाठी, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांसाठी, इस्ट्रॅडिऑलच्या गोळ्या किंवा जेल, आणि सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध, आपल्याकडे बहुधा स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन. त्वचा मऊ होणं आणि स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं. चरबीची जागा बदलते, स्नायू उतरतात. आवाज इस्ट्रोजेननं बदलत नाही, त्यासाठी स्पीच थेरपी. दाढीचे केस विरळ होतात पण जात नाहीत, त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस. बिडी-सिगारेट ओढत असाल तर सोडा, कारण इस्ट्रोजेनबरोबर गुठळीचा धोका वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि लाज न बाळगता "मी इस्ट्रोजेन घेते" असं पहिल्या वाक्यात सांगा.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा. टेस्टोस्टेरॉनवर असाल तर हिमॅटोक्रिट पाहतात, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते. ते 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात. इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते लॅबला जाताना लिहून न्या, नाहीतर आलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

6. औषधांतले सापळे

माला-डी किंवा मुरुमांसाठी-पीसीओडीसाठी मिळणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या इस्ट्रोजेन म्हणून घेऊ नका. आपल्या किती मैत्रिणी मेडिकलमधून या गोळ्या आणून दिवसाला चार-चार घेतात. त्यात इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं आणि त्यानं गुठळ्या होण्याचा धोका इस्ट्रॅडिऑलपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांत ते आता वापरत नाहीत. स्वस्त आहे, बिनाचिठ्ठीचं मिळतं, कुणी तरी वडीलधारीनं सांगितलंय, सगळं खरं. तरी नको. आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

स्पायरोनोलॅक्टोन रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. म्हणून रोजची शहाळी बंद. त्याहून लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे घरात बीपीसाठी आणलेलं लो सोडियम मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. वडिलांना बीपी असलेल्या घरात आमटीत तेच पडतं. डबा एकदा वाचून पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

जिममधून किंवा व्हॉट्सॲपवरून टेस्टोस्टेरॉन घेऊ नका. ही प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी औषधं आहेत. मेडिकलमधून घ्या, बिल घ्या, बिलावर बॅच नंबर बघा. सुई कुणाचीही वापरू नका, मित्राचीसुद्धा. आणि डोस दुप्पट केला म्हणून दाढी दुप्पट वेगानं येत नाही. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि रक्त दाट होतं ते वेगळंच.

7. घरी सांगण्याआधीची तयारी

आता घर. यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण डॉक्टर बदलता येतो, आईबाप नाही.

सांगायचं की नाही याचा निर्णय आधी सुरक्षिततेवर घ्या, प्रेमावर नाही. घरात मारहाण होते का? ठरवून लग्न लावण्याची घाई चालली आहे का? भावाचा, चुलत्याचा हात उठतो का? तुम्ही शिकत असाल आणि फी घरून येत असेल तर ती बंद झाल्यावर काय? यातल्या एकाचं उत्तर जरी "हो" किंवा "माहीत नाही" असेल तर पदवी किंवा नोकरी हातात येईपर्यंत थांबणं हे भित्रेपण नव्हे.

सांगायच्या आधी मूळ कागद तुमच्या ताब्यात हवेत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, पॅन, पासबुक. ते घरच्या लोखंडी कपाटात असतात. "ऑफिसात व्हेरिफिकेशन आहे" म्हणून घेऊन या. बँक खातं एकट्याच्या नावाचं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच हवा. दोन-तीन रात्री राहता येईल असं एखादं घर ठरवून ठेवा आणि त्या मैत्रिणीला किंवा मित्राला "आज सांगणार आहे" असं कळवून मगच बोलायला बसा.

कोंडून ठेवलं, मारलं, घराबाहेर काढलं तर पोलिसांसाठी 112 आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्यानं आपल्याच घरात राहण्याचा हक्क दिला, आणि घर सोडायला भाग पाडणं, छळ करणं हा गुन्हा ठरवला. केंद्राच्या योजनेतली गरिमा गृह ही निवाऱ्याची ठिकाणं आहेत. तिथला पत्ता वर लिहिलेल्या संस्थांकडून मिळतो.

8. सांगताना

सगळ्यांना एकदम सांगू नका. घरात एक माणूस असा असतो ज्याचं बाकीचे ऐकतात आणि जो तुमचं ऐकतो. कुणाची मावशी असते, कुणाची आत्या, कुणाचा मोठा दादा. आधी त्याला. माझ्या बाबतीत ती आत्या होती. बाबांशी बोलताना ती शेजारी बसली, एक शब्द बोलली नाही, पण ती बसली आहे म्हणून बाबा उठून गेले नाहीत.

वेळ कुठली? गणपतीत, लग्नघरात, कुणाच्या आजारपणात, पेरणीच्या किंवा परीक्षेच्या धामधुमीत नको. भांडणात तर अजिबात नको. "म्हणूनच मी असा आहे" हे वाक्य रागात निघालं की घरच्यांच्या डोक्यात ते कायम भांडणाशी जोडलं जातं. फोनवरही शक्यतो नको. समोर बोलायला धीर होत नसेल तर पत्र लिहा. मराठीत, हातानं, दोन पानांच्या आत. देऊन झाल्यावर घराबाहेर चक्कर मारून या, त्यांना तुमच्यासमोर वाचायला लावू नका.

शब्द साधे ठेवा. डिस्फोरिया, ट्रान्झिशन, प्रोनाउन असे शब्द पहिल्या दिवशी आणू नका. असं काहीतरी: "आई, तू मला मुलगी म्हणून वाढवलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण मी आतून मुलगा आहे, हे मला बरीच वर्षं माहीत आहे. मी डॉक्टरांना भेटलोय. तू लगेच काही बोलू नकोस, फक्त ऐक." बाबांशी बोलताना भावनेपेक्षा आराखडा सांगा: "नोकरी चालू राहणार आहे, डॉक्टर हे आहेत, खर्च माझा मी करतोय, तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर मी वेळ घेतो."

एकाच बैठकीत नाव बदलणं, हार्मोन्स, शस्त्रक्रिया, लग्न नाही करणार, सगळं सांगू नका. पहिल्या दिवशी "मी कोण आहे" आणि "मी डॉक्टरांकडे जातोय" एवढं पुरे.

जे ऐकावं लागतं ते बहुतेक घरांत सारखंच. त्याची उत्तरं मनात तयार ठेवा.

"लोक काय म्हणतील?" याला "लोकांचं मला काय" हे उत्तर देऊ नका. त्यांना त्याच गल्लीत राहायचंय, त्याच भिशीत, त्याच भजनात जायचंय. "लोकांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू, आत्ता कुणालाच सांगायची गरज नाही" हे म्हणा.

"टाळ्या वाजवत फिरणार का?" हे फार लागतं. यात भीती असते आणि अज्ञानही. हिजडा समाजाला हिणवून स्वतःचा बचाव करू नका. 15 एप्रिल 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालानं आपली ओळख मान्य केली, त्या लढ्यात तीच माणसं पुढे होती. "मी माझी नोकरी करत राहणार आहे" एवढंच सांगा.

"लग्न केलं की सगळं नीट होतं." यावर ठाम राहा. दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य यात गुंततं, हे आईला बाबांपेक्षा लवकर कळतं, असं मी पाहिलंय.

"पीसीओडीमुळे असं वाटतंय, गोळ्या घे." ट्रान्स मुलग्यांच्या आयांना हे कारण फार जवळचं वाटतं. पीसीओडीनं माणसाची ओळख बदलत नाही. ते आई तुमच्याकडून ऐकणार नाही, डॉक्टरांकडून ऐकू द्या.

देवऋषी, अंगारा, कुलदेवतेचा कौल. जेजुरीला किंवा कोल्हापूरला चला म्हणाले तर जाऊन दर्शन घ्या, माझी हरकत नाही. उपाशी ठेवणं, चटके, कोंडणं यातलं काही निघालं तर तिथून निघा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

महिला पोलीस म्हणून भरती झालेले आणि लिंगबदलाचं ऑपरेशन झालेले बीडचे ललित साळवे यांची 2018 ची बातमी कुणीतरी काढेल: "त्यांचं ऑपरेशन झालं, तसं तुझं आहे का?" मराठी घरांत या विषयाशी ओळख झाली ती पुष्कळदा त्या बातमीनं, म्हणून बोलणं सुरू करायला ती बरी. पण प्रत्येकाची शारीरिक गोष्ट वेगळी असते आणि तपासणीत "काही सापडलं" तरच खरं, असं नसतं, हे लगेच सांगा. नाहीतर घरचे गुणसूत्रांच्या रिपोर्टची वाट बघत बसतात, आणि तो नॉर्मल आला की विषय संपला असं धरतात.

9. सांगून झाल्यावर

पहिले काही आठवडे घरात बहुधा शांतता असते. जेवण वाढलं जातं, बोललं जात नाही. तुम्ही हे वर्षानुवर्षं मनात घोळवलंय, त्यांनी काल ऐकलंय. जुन्या नावानं हाक मारली तर दर वेळी टोकू नका, पण आठवड्यातून एकदा शांतपणे आठवण करून द्या. "बाळा", "पिल्लू", "ए" अशी आडवाटेची हाक आई स्वतःच शोधून काढते. ती चालू द्या.

त्यांनाही बोलायला माणूस लागतो आणि तो तुम्ही असू शकत नाही. मुंबईत 2017 मध्ये सुरू झालेला "स्वीकार, द रेनबो पेरेंट्स" हा आपल्यासारख्या मुलांच्या पालकांचा गट आहे. दुसऱ्या आईशी फोनवर झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं तुमच्या दहा व्याख्यानांहून जास्त उपयोगी पडतं. त्यांना जबरदस्तीनं जोडू नका, नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

रिपोर्ट घरी दाखवण्याआधी एक काळजी घ्या. लॅब आधारवरचं लिंग धरून नॉर्मलचे आकडे छापते. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या मुलाच्या रिपोर्टवर बायकांची मर्यादा छापलेली असते, मग हिमोग्लोबिन 15.5 असलं तरी ते ठळक अक्षरांत "जास्त" म्हणून येतं, आणि टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यासमोर बाण. आईनं तो कागद हातात घेतला की तिचा रंग उडतो. डॉक्टरांकडून पुरुषांची मर्यादा शेजारी पेनानं लिहून घ्या, मग दाखवा.

शक्य झालं की आईला किंवा बाबांना एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा. आधी डॉक्टरांना कळवा म्हणजे ते वेळ ठेवतील. खोलीत त्यांना प्रश्न विचारू द्या, मध्ये बोलू नका, आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा. तुमच्यासमोर विचारता येत नाहीत असे प्रश्न त्यांच्याकडे असतात.

10. सरकारी कागद

हार्मोन्स सुरू करायला ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागत नाही, त्यासाठी अडून बसू नका. प्रमाणपत्राचा अर्ज सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि ते जिल्हाधिकारी देतात. नियम बदलत असतात, तेव्हा मित्रानं सांगितलेल्या जुन्या यादीवर न जाता अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे लिहिलंय ते वाचा. आयुष्मान भारतमध्ये प्रमाणपत्रधारकांसाठी वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद 2022 मध्ये करण्यात आली. तुमच्या रुग्णालयात ती चालते का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. नाव बदलायचं असेल तर ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून येतं, त्याचा अर्जही ऑनलाइन. एका सूचनेकडे लक्ष द्या: राजपत्रात जे स्पेलिंग छापाल तेच आधार, पॅन, बँक आणि विद्यापीठ, सगळीकडे चालवावं लागतं, म्हणून वडिलांचं नाव मधे ठेवायचं की आईचं, आडनाव तसंच ठेवायचं का, हे अर्ज भरण्याआधी नक्की करा. घरी बोलणं सुरू झालं असेल तर नवीन नाव आईला सुचवायला सांगून बघा. ती नाही म्हणाली तर तुम्ही ठरवलेलं नाव आहेच.